अवघड टप्पे आणि उमेद: लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत मन कसे टिकते

लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत उमेद खचते ती बहुधा मोठ्या घाटात नाही. घाटाची धास्ती आठवडाभर आधीच घेऊन झालेली असते. त्याची उंची आणि वळणे पाठ असतात, माथ्यावर फोटो काढायचा हेही ठरलेले असते. उमेद खचते ती सपाट, सरळ रस्त्यावर, दुपारी दोनच्या सुमाराला, समोरून वारा येत असताना आणि पुढचे गाव तीस किलोमीटरवर असताना. ऑस्ट्रेलियात नलारबॉर मैदानाच्या वाटेवर बॅलडोनिया ते कायगुना हा १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. तिथे चढ नाही, म्हणून उतारही नाही. पायांना विसावा नाही आणि डोळ्यांना नवे काही नाही. अशा ठिकाणी सायकलस्वाराच्या मनात उभा राहणारा प्रश्न जगभर एकच असतो: हे सगळे कशासाठी?

हा प्रश्न सफरीच्या कोणत्या भागात पडतो, यालाही काही नेम आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की खाद्य जवळ येऊ लागले की उंदराची चाल वाढते. घराची वाट दिसली की गाडीचे बैल न हाकता पळू लागतात, हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. याची दुसरी बाजू सफरीत महत्त्वाची ठरते. सुरुवातीची हौस फिटलेली आणि शेवट अजून नजरेत नाही, असा मधला पट्टा सर्वांत जड जातो. १९९१मध्ये रॉबर्ट बेक्टेल आणि एमी बर्निंग यांनी ध्रुवीय मोहिमांसारख्या एकांतातल्या मुक्कामांविषयी असेच मांडले: निम्मा काळ सरल्यानंतरच्या पावकाळात मन सर्वाधिक उतरते. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा नमुना आढळलेला नाही, तेव्हा तो नियम मानू नये. पण मुंबईहून कन्याकुमारीला निघालेल्याला गोव्यात मोहीम फत्ते झाल्यासारखी वाटते आणि मंगळूर ओलांडल्यावर अजून अख्खे केरळ उरले आहे हे लक्षात येते, ही गोष्ट पुष्कळांच्या ओळखीची असेल.

मन खचले असे वाटले, की पहिला संशय पोटावर घ्यावा. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. तिच्यातून १,६०० ते २,००० किलोकॅलरी मिळतात. सामान लादलेली सायकल मध्यम वेगाने चालवताना तासाला ४०० ते ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला काही भाग चरबीतून भागतो, तरी न खाता चालवत राहिले तर काही तासांत साठा तळाला जातो. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. ते कमी पडू लागले की हातपाय थरथरण्याआधी स्वभाव बिघडतो. सोबत्याचे बोलणे टोचते, रस्ता बांधणाऱ्याचा राग येतो आणि आपण मुळात निघालोच कशाला, असे वाटू लागते. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. हा अनुभव इतका खरा वाटतो, की तो भुकेचा आहे हे त्या क्षणी पटत नाही. अर्ध्या तासापूर्वी आयुष्याचा फेरविचार करणारा माणूस दोन केळी आणि गोड चहा पोटात गेल्यावर पुढच्या मुक्कामाच्या जेवणाचा बेत ठरवू लागतो.

चढाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सायकलस्वार, सायकल आणि पॅनियरमधले, म्हणजे सायकलला अडकवलेल्या पिशव्यांमधले सामान मिळून वजन १०० किलो धरले, तर १,००० मीटर उंची गाठण्यासाठी ९८१ किलोज्यूल काम करावे लागते. शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे या चढाईला हजाराच्या आसपास किलोकॅलरी लागतात, साधारण तीन-चार वडापाव. दिवसात असे दोन चढ असतील आणि सकाळी फक्त पोहे खाल्ले असतील, तर संध्याकाळची निराशा दुपारीच ठरलेली असते.

साखरेचा मनाशी संबंध किती थेट आहे, हे २००४मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसले. सायकलपटूंना ४० किलोमीटरइतके काम शक्य तितक्या लवकर पूर्ण करायचे होते. त्यांनी अधूनमधून माल्टोडेक्स्ट्रिनचे, म्हणजे जवळजवळ बेचव कर्बोदकाचे पाणी तोंडात खुळखुळवून थुंकून टाकले. पोटात काहीही गेले नाही, तरी वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. इंधन येत आहे अशी वर्दी जिभेकडून मिळताच मेंदूने हात थोडा सैल सोडला, असा याचा अर्थ लावला जातो. सफरीतला व्यवहार सोपा आहे: दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे खात राहावे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, ग्लुकोजची बिस्किटे हे सगळे हँडलच्या पिशवीत, हाताशी हवे. पॅनियरच्या तळाशी ठेवलेला खाऊ वेळेवर खाल्ला जात नाही. ढाब्यावर एकदम भरपेट जेवून पुढचे दोन तास जडावलेल्या पोटाने रेटण्यात शहाणपण नाही.

झोपेचेही तसेच. ट्रकच्या आवाजात किंवा कुत्र्यांच्या भुंकण्यात लागोपाठ दोन रात्री गेल्या, की तिसऱ्या दिवशी साधा चढही अन्यायासारखा वाटतो. देवळाच्या ओसरीवर किंवा झाडाखाली वीस मिनिटे डोळे मिटले तर पुष्कळ फरक पडतो. सफरीत ही वीस मिनिटे वाया गेली असे मानणारे लोक बहुधा नंतर दोन तास कुरकुरत सायकल चालवतात.

एका बाबतीत मात्र उमेद वाढवण्याचा प्रयत्नच घातक ठरतो. उंचीवर डोकेदुखी, मळमळ आणि कशातच रस न वाटणे ही पर्वतीय आजाराची लक्षणे असू शकतात. तिथे स्वतःला चुचकारून पुढे चढत राहणे धोक्याचे असते. चढणे थांबवावे आणि त्रास वाढला तर खाली उतरावे. उन्हात घाम येणे थांबले, बोलणे अडखळू लागले किंवा छातीत दुखू लागले, तरी हाच न्याय. हे प्रश्न मनाचे नसतात.

आता वारा. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा पडलेला असताना ताशी १८ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा लागला, तर तोच वेग राखताना हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. साहजिकच वेग पडतो. चढावर वेग पडला तर कारण डोळ्यांना दिसते आणि मन ते मान्य करते. वारा दिसत नाही, म्हणून सायकलस्वार दोष स्वतःला देतो. ब्रेक घासतो आहे का, टायरमधली हवा कमी झाली आहे का, हे तो पुन्हा पुन्हा उतरून पाहतो. वाऱ्याचा शेवट कुठे आहे हे सांगणारा दगडही रस्त्याच्या कडेला नसतो.

मनाली ते लेह हा सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता या दृष्टीने चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्रातूनही दर उन्हाळ्यात अनेक सायकलस्वार तिथे जातात. निघण्यापूर्वी सगळी चर्चा खिंडींची असते: बारालाचा ला, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरच्या वर असलेला तांगलांग ला. सरचूच्या पुढे गाटा लूप्स नावाची २१ वळणे आहेत आणि त्यांत सुमारे साडेचारशे मीटर चढ आहे. कागदावर ही वळणे भयंकर दिसतात. प्रत्यक्षात ती माणसाला वर ओढून नेतात, कारण ती मोजता येतात. सातवे झाले, आठवे झाले, खाली पाहिले की चढून आलेला रस्ता पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो आणि केलेले काम डोळ्यांसमोर मांडलेले असते.

खरी परीक्षा पांगच्या पुढे होते. पांगच्या तंबूवजा हॉटेलांपासून एक खडा चढ संपला, की मोरे मैदान लागते: सुमारे ४,७०० मीटर उंचीवर चाळीसेक किलोमीटर जवळपास सपाट रस्ता. नकाशावर हा आरामाचा दिवस वाटतो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळजवळ निम्माच मिळतो. सूर्य वर आला की जमीन तापते आणि दुपारच्या आधीच वारा सुटतो. तो तोंडावर आला तर सपाटीवर ताशी आठ-दहा किलोमीटरचा वेग राखताना दम लागतो. त्यात हवा इतकी स्वच्छ, की पलीकडचे डोंगर तासाभराच्या अंतरावर वाटतात आणि तीन तासांनंतरही तिथेच असतात. गाटा लूप्समध्ये न रडलेली माणसे इथे रडवेली होतात. यावर उपाय जिद्दीचा नाही, घड्याळाचा आहे: पांगहून उजाडताच निघावे आणि वारा जोर धरेपर्यंत मैदानाचा मोठा भाग मागे टाकावा. किनाऱ्यालाही हेच लागू पडते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कोकण किनाऱ्यावर दुपारी वायव्येकडून वारा वाहतो. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्याला तो पाठीवर घेतो, उलट येणाऱ्याच्या तोंडावर येतो. हीच सफर गोव्याहून मुंबईकडे आखणाऱ्याने आपल्या निम्म्या कष्टांची निवड स्वतःच केलेली असते.

कोकणचा किनारी रस्ता आणखी एक धडा देतो. इथे सह्याद्रीच्या घाटासारखा एक मोठा चढ नाही. रस्ता खाडीच्या काठाशी, समुद्राच्या पातळीला उतरतो, गाव ओलांडतो, तडक जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. दिवसाअखेर कमावलेली उंची शून्य आणि चढलेली उंची मात्र घाटाइतकी. हातचे गेल्याची भावना इथे फार त्रास देते. मिळालेला उतार पुढच्या चढाने वसूल केला जाणार हे कळल्यापासून काहींना उताराचाही आनंद होत नाही. अशा रस्त्यावर किलोमीटरचे उद्दिष्ट ठेवणे चुकीचे आहे. खाड्यांच्या हिशेबाने दिवस बांधावा: सकाळी वेसवी-बागमांडले फेरीबोट, दुसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे, पुढे तवसाळ-जयगड. फेरीबोटीच्या धक्क्यावर सक्तीने थांबावे लागते, सावली असते आणि खायला काही ना काही मिळते.

अंतराचे तुकडे पाडणे ही युक्ती जुनी आहे आणि ती विक्रमवीरांनाही लागते. स्कॉटलंडचे मार्क ब्यूमाँट यांनी २०१७मध्ये ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचा रोजचा दिवस प्रत्येकी चार तासांच्या चार सत्रांत विभागलेला होता. त्यांच्या सोबत मदतनीसांचा ताफा होता आणि हौशी प्रवाशाला तसा वेग ना शक्य, ना गरजेचा. घेण्यासारखे एवढेच, की मोजायचे ते तास, किलोमीटर नव्हेत. वारा असो वा चढ, तास साठ मिनिटांचाच राहतो. वाईट दिवशी सायकलवरच्या मीटरचा पडदा बदलून वेगाऐवजी घड्याळ लावावे. ताशी नऊचा आकडा सतत डोळ्यांपुढे नाचत राहिला तर माणसाला त्याखेरीज दुसरे काही सुचत नाही.

सायकलवरून उतरून चालणे हा पुष्कळांच्या लेखी पराभव असतो, पण त्याला इतिहासात आधार नाही. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मानले जाणारे टॉमस स्टीव्हन्स १८८४मध्ये पुढे मोठे आणि मागे लहान चाक असलेली उंच सायकल घेऊन कॅलिफोर्नियातून निघाले. अमेरिका ओलांडताना त्यांनी वाटेचा मोठा भाग सायकल ढकलत पार केला. सिएरा नेवाडात बर्फापासून रुळांना वाचवण्यासाठी बांधलेल्या रेल्वेच्या लाकडी छतांखालून ते चालत गेले. डिसेंबर १८८६मध्ये त्यांची सफर योकोहामाला संपली. ताशी पाच किलोमीटरने ढकललेली सायकलही पुढेच जाते आणि चालताना वेगळे स्नायू वापरले जात असल्याने मांड्यांना विसावा मिळतो.

मनाचा थकवा शरीराच्या थकव्यापेक्षा वेगळा असतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये १६ जणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. एकदा त्याआधी ९० मिनिटे लक्ष लावून करायचे संगणकावरचे काम दिले, एकदा माहितीपट दाखवले. माहितीपट पाहून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोके शिणवून आलेले ६४० सेकंद. हृदय आणि स्नायूंच्या कामात हा फरक समजावून सांगेल असे काही आढळले नाही. डोके शिणलेल्यांना तेच कष्ट जास्त वाटत होते, इतकेच. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकच्या शेजारून तीन तास जाणे, दर चौकात फोन काढून रस्ता पाहणे, संध्याकाळी अनोळखी गावात खोलीसाठी घासाघीस करणे, हे सगळे असेच डोके शिणवणारे काम आहे. म्हणून दुसऱ्या दिवसाचा रस्ता, पहिला थांबा आणि मुक्कामाचे गाव आदल्या रात्रीच ठरवून टाकावे. दिवसभरात जितके निर्णय कमी, तितके पाय हलके.

स्वतःशी बोलण्याचा उपयोग होतो का, यावरही काम झाले आहे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ जणांपैकी निम्म्यांनी दोन आठवडे स्वतःला धीर देणारी ठरावीक वाक्ये सरावात आणली. दमेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला आणि कष्ट कमी जाणवले. वाक्ये स्वतः निवडलेली आणि आधी घोटलेली असावी लागतात. ऐन चढावर सुचलेला उपदेश कामी येत नाही. काहींना वाक्यापेक्षा ठेका बरा पडतो. वारकऱ्यांची पावले ‘ज्ञानबा-तुकाराम’च्या तालावर मैलोन्मैल पडतात. हलक्या गिअरवर एका लयीत पेडल मारतानाही असा ताल धरता येतो.

याच जातीची आणखी एक गोष्ट म्हणजे ‘असे झाले तर तसे करायचे’ हे आधीच ठरवून ठेवणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनी या पद्धतीचा विशेष अभ्यास केला. पंक्चरचे उदाहरण घ्यावे. सकाळचे पहिले पंक्चर सहसा कोणाला खचवत नाही, पंधरा मिनिटांनी त्याच चाकात झालेले दुसरे खचवते. दुसऱ्याचे कारण बहुधा पहिल्याचा उतावळेपणा असतो. ट्यूब बदलली जाते, पण बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्ये तसेच राहते. म्हणून क्रम ठरलेला असावा: पंक्चर झाले तर आधी सावली, मग दोन घोट पाणी, मग चाक काढणे. टायरच्या आतून बोटे हळूहळू पूर्ण फिरवायची आणि काटा हाताला लागल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. ट्यूबवरचे भोक आणि टायर शेजारी शेजारी धरले की काट्याची जागा लवकर सापडते.

सोबतीने उमेद वाढते, हे अर्धसत्य आहे. वेगवान सोबती माथ्यावर वाट पाहत बसतो, मंद सोबती धापा टाकत पोहोचतो आणि तो आला म्हणून पहिला लगेच निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळत नाही. चार दिवस असे गेले की मैत्री तुटायची वेळ येते. मागून येणाऱ्याने पाणी पिऊन निघूया म्हणेपर्यंत कोणी हलायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाकावा.

सफर कोणासाठी चालली आहे, यावरही तिचे टिकणे अवलंबून असते. एडवर्ड डेसी यांनी १९७१मध्ये काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांना हात लावणे कमी केले. रोजच्या फोटोला मिळणाऱ्या शाबासकीवर चालणाऱ्या सफरीचे असेच होते. मोबाइलला रेंज नसलेल्या दिवसात तिचे इंधन संपते.

काही संकटे या सगळ्यापलीकडची असतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. कॅनडात त्यांच्यामागे अस्वल लागले आणि स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून त्यांना लुटले गेले. त्या पुढे गेल्या. दुसरे कोणी अशा प्रसंगानंतर थांबले असते तर त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही.

थांबण्याचा निर्णय हा सफरीतला एक रास्त निर्णय आहे, फक्त तो घेण्याची वेळ चुकता कामा नये. चढावर, उपाशीपोटी, पावसात भिजलेले असताना किंवा रात्री नऊनंतर तो घेऊ नये. आजारपण किंवा धोका नसेल तर एक पूर्ण दिवस मुक्काम करावा, दोन वेळा नीट जेवावे, कपडे धुवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचार करावा. तरीही परत जावेसे वाटले तर जावे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. बगदाद ते अलेप्पो हे वाळवंटातले ९५६ किलोमीटर पार करायला त्यांना २३ दिवस लागले. सहापैकी नरिमन कापडिया त्याआधीच तेहरानहून परतले होते. गुस्ताद हाथीराम यांनी अमेरिकेतच राहायचे ठरवले आणि केकी पोचखानावालाही तिथून घरी परतले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास संपवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला पोहोचले. उरलेल्या तिघांचे अंतरही साधे नव्हते.

परतीची सोय निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. वाटेतल्या कोणत्या स्थानकावर रेल्वे पार्सलने सायकल घेते, कुठून टेम्पो मिळतो, कोणत्या एसटीच्या टपावर ती चढवता येते, हे माहीत असले की अवघड टप्प्यात अडकल्याची भावना राहत नाही आणि बहुतेक वेळा तो टप्पा पारही होतो. नाहीच झाला, तर जिथे थांबलो त्या गावाचे नाव आणि शेवटच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या मोसमात तिथूनच पुढे निघता येते.